हबल यांचे ‘अधिक-उणे 50’ : एका सरळ रेषेची फेरतपासणी

आज आम्ही तुमच्यासमोर एक जुना शोधनिबंध घेऊन आलो आहोत. एडविन हबल यांचा, 1929 सालचा, जेमतेम सहा पानांचा. विश्व प्रसरण पावतं आहे, या कल्पनेचा पाया म्हणून ही सहा पानं दाखवली जातात, आणि ते योग्यच आहे. पण आज आपण ती खगोलशास्त्र म्हणून वाचणार नाही. संख्याशास्त्र म्हणून वाचणार आहोत. चोवीस बिंदू, त्यांतून काढलेली एक सरळ रेषा, त्या रेषेचा उतार, आणि उतारापुढे लिहिलेलं ‘अधिक-उणे’. या ‘अधिक-उणे’चं काय झालं, तेवढाच आजचा विषय.

सुरुवातीलाच निकाल सांगून टाकतो, म्हणजे रहस्यकथा ऐकतोय असं कुणाला वाटायला नको. हबल यांनी उतार काढला 465, अधिक-उणे 50. एकक आहे किलोमीटर प्रतिसेकंद, दर दशलक्ष पार्सेकला. एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षं. आज तोच उतार 70 च्या आसपास मानला जातो. म्हणजे 465 आणि 70 यांच्यात 395 चं अंतर आहे, आणि पुढे लिहिलेली त्रुटी आहे 50 ची. जवळजवळ आठ पट. असं चुकून, नशिबाने, कधी होईल? कधीच नाही म्हटलं तरी चालेल. मग गणित चुकलं होतं का? तर तेही नाही. गणित बरोबर होतं. आम्हाला वाटतं, रिग्रेशन शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या प्रत्येकाने या कोड्यापाशी थोडा वेळ थांबायला हवं.

आधी आकडे समजून घेऊ. हबल यांच्या तक्त्यात 24 तेजोमेघ आहेत. आज आपण त्यांना दीर्घिका म्हणतो. प्रत्येकापुढे दोन मुख्य आकडे : अंतर आणि वेग. वेग म्हणजे ती दीर्घिका आपल्यापासून दूर जाते आहे की जवळ येते आहे, आणि किती वेगाने. यातले बरेचसे वेग व्हेस्टो स्लायफर यांनी आधीच मोजलेले होते. देवयानी दीर्घिका, म्हणजे एम-31, तक्त्यात 0.275 दशलक्ष पार्सेकवर आहे आणि वेग उणे 220. म्हणजे ती आपल्याकडे येते आहे. तक्त्याच्या शेवटी कन्या राशीतल्या समूहातल्या चार दीर्घिका आहेत. चौघींचं अंतर 2.0, आणि वेग 500, 850, 800 आणि 1090.

हबल यांनी स्वतः जे समीकरण सोडवलं, त्यात सूर्याच्या गतीसाठी आणखी तीन पदं होती. आम्ही ती बाजूला ठेवून, कॉलेजात शिकवतात तसं साधं रिग्रेशन केलं : अंतर म्हणजे क्ष, वेग म्हणजे य. उत्तर येतं ते असं. उतार 454, छेद उणे 41. अवशेषांचं प्रमाण विचलन 233. उताराची प्रमाण त्रुटी 75. भागाकार केला की टी येतो 6.04. बिंदू 24, त्यातून दोन गेले, उरले 22; त्यासाठी तक्त्यातला आकडा 2.074. तो 75 ने गुणला की 156. म्हणून उताराचा 95 टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हल झाला 298 ते 610. छेदाचा इंटरव्हल उणे 214 ते अधिक 132, म्हणजे शून्य त्यात बसतो. रेषा आरंभबिंदूतून जाते असं मानायला हरकत नाही.

परीक्षेत एवढं लिहिलं की पूर्ण मार्क मिळतात. खाली एक वाक्यही लिहायचं असतं, आणि आपण सगळ्यांनी ते लिहिलेलं आहे : ‘खरा उतार 298 आणि 610 यांच्या दरम्यान असण्याची शक्यता 95 टक्के आहे.’

हे वाक्य दोन ठिकाणी चुकतं. पहिली चूक पुस्तकात सांगितलेली असते. खरा उतार ही एक ठरलेली संख्या आहे. ती इंटरव्हलमध्ये आहे किंवा नाही. 95 टक्के हा आकडा या एका इंटरव्हलचा नाही, तो पद्धतीचा आहे. खाडीत मासा एका जागी थांबलेला आहे आणि आपण जाळं टाकतोय असं समजा. दर वेळी जाळं थोडं इकडे, थोडं तिकडे पडतं. शंभर वेळा टाकलं तर सुमारे 95 वेळा मासा आत सापडतो. आज टाकलेल्या जाळ्यात तो आहे का, हे जाळं सांगत नाही. ही मांडणी यर्झी नेमन यांची, 1934 ते 1937 या काळातली. म्हणजे हबल यांनी निबंध लिहिला तेव्हा ‘कॉन्फिडन्स इंटरव्हल’ हा शब्दच जन्मलेला नव्हता. त्यामुळे हबल यांना नेमन यांच्या कायद्याने दोषी ठरवायचं नाही. आजच्या भाषेत आम्ही जे बोलतोय ते आपल्यासाठी आहे, त्यांच्यासाठी नाही.

दुसरी चूक मात्र पुस्तकात सहसा सांगत नाहीत. ‘95 वेळा सापडतो’ हे कधी खरं? जाळं त्याच खाडीत पडत असेल तर. रिग्रेशनमधली सगळी गृहीतकं म्हणजे ही ‘त्याच खाडीत’ची अट आहे. अवशेष परस्परांपासून स्वतंत्र हवेत, त्यांचा फैलाव सगळीकडे सारखा हवा, संबंध सरळ रेषेचा हवा, आणि क्ष-अक्षावरचे आकडे अचूक हवेत. शेवटची अट आपण वर्गात इतक्या घाईत म्हणतो की ती अट आहे हेच लक्षात राहत नाही. हबल यांच्या निबंधात सगळा घोटाळा तिथेच आहे.

बघा, इथे कुठला आकडा भरवशाचा आणि कुठला नाही? वेग मोजायचा तो वर्णपटावरून. तो बऱ्यापैकी पक्का. अंतर मात्र फार अवघड. जवळच्या दीर्घिकांत सेफिड नावाचे तारे दिसतात. त्यांची तेजस्विता ठरावीक काळाने कमी-जास्त होते, आणि त्या काळावरून तारा मुळात किती तेजस्वी आहे ते समजतं. पुढच्या दीर्घिकांत सेफिड दिसत नव्हते. तिथे हबल यांनी त्या दीर्घिकेतले सर्वांत तेजस्वी तारे घेतले आणि ते सगळीकडे सारखेच तेजस्वी असतात असं धरलं. कन्या समूहासाठी याच्याही पुढची पायरी : दीर्घिकांच्या एकूण तेजस्वितेवरून अंदाज. हे सगळं हबल यांनी स्पष्ट लिहिलं आहे. पहिली सात अंतरं सर्वांत विश्वसनीय, पुढच्या तेरांमध्ये बरीच त्रुटी असू शकते, हे त्यांच्याच निबंधात आहे. म्हणजे य पक्का आणि क्ष डळमळीत. आणि साधं रिग्रेशन नेमकं उलटं धरून चालतं.

याचा परिणाम किती मोठा असतो ते करून पाहता येतं. तेच 24 बिंदू घ्या आणि उलटं रिग्रेशन करा : वेगावरून अंतराचा अंदाज. मग ती रेषा फिरवून पुन्हा वेग-अंतराच्या उतारात मांडा. उत्तर येतं 728. पहिलं होतं 454. कागद तोच, बिंदू तेच. फरक एवढाच, की त्रुटी कुणाची मानायची. आणि गंमत अशी, की 728 हा आकडा आपल्या 298 ते 610 या इंटरव्हलच्या चक्क बाहेर आहे. म्हणजे एका निर्णयामुळे, जो आपण विचार न करता घेतला, उत्तर जेवढं हलतं, तेवढं हलण्याची जागा त्या 95 टक्क्यांत ठेवलेलीच नाही.

आता कुणी म्हणेल, 728 तर खऱ्या उत्तरापासून आणखीच लांब गेलं. बरोबर आहे. अंतरांमध्ये यादृच्छिक चुका असतील, कधी जास्त कधी कमी, तर त्यांनी उतार कमी होतो. इथे खरा रोग वेगळा होता. चुका यादृच्छिक नव्हत्या. सगळ्या एकाच दिशेने होत्या. सगळी अंतरं कमी मोजली गेली होती. देवयानीचं अंतर हबल यांच्याकडे 0.275, आज ते सुमारे 0.78 मानतात, म्हणजे पावणेतीन पट. कन्या समूह त्यांच्याकडे 2.0, आज सुमारे 16.5, म्हणजे आठ पट.

इथे एक छोटं गणित करू. या व्याख्यानातलं बाकी सगळं विसरलात तरी चालेल, हे लक्षात ठेवा. समजा सगळी अंतरं एकाच पटीने चुकली आहेत. सोयीसाठी सात पट धरू. प्रत्येक क्ष ला 7 ने गुणा आणि पुन्हा रिग्रेशन करा. उतार 454 चा होतो 65. प्रमाण त्रुटी 75 ची होते 10.7. इंटरव्हल होतो 43 ते 87, आणि आजचा 70 त्यात आरामात बसतो. आता टी बघा. 6.04. आधी किती होता? 6.04. आर-वर्ग आधी 0.62, आताही 0.62. अवशेष तर एकूण एक तेच, कारण य-अक्षावर काहीच हललेलं नाही.

याचा अर्थ काय? मापाची पट्टीच चुकीची असेल तर रिग्रेशनला ते कळण्याचा मार्गच नाही. अवशेषांचा आलेख काढा, टी-चाचणी करा, एफ-चाचणी करा. सगळ्या चाचण्या सातपट चुकलेल्या उताराला आणि बरोबर उताराला एकाच आवाजात ‘उत्तम’ म्हणतील. ‘अधिक-उणे 50’ हे बिंदू रेषेभोवती किती विखुरले आहेत यातून आलेलं आहे. पट्टी बरोबर आहे की नाही, ही माहिती त्या विखुरण्यात नसतेच. ती बाहेरून आणावी लागते. जाळ्याची वीण पक्की होती मंडळी, खाडीच दुसरी होती.

खऱ्या चुका मात्र सगळीकडे सारख्या पटीच्या नव्हत्या, हे आत्ताच पाहिलं : जवळ पावणेतीन पट, लांब आठ पट. इथे दुसरा मुद्दा येतो : 24 म्हणजे खरंच 24 का?

उताराची प्रमाण त्रुटी दोन गोष्टींवर ठरते. बिंदू रेषेभोवती किती विखुरलेत, आणि क्ष-अक्षावर ते किती पसरलेत. पसारा मोठा, तर उतार पक्का. हा पसारा म्हणजे प्रत्येक अंतराचा सरासरीपासूनचा फरक, त्याचा वर्ग, आणि त्या सगळ्यांची बेरीज. आमच्या हिशेबात ती 9.58 येते. त्यात कन्या समूहातल्या चार दीर्घिकांचा वाटा किती? 4.74. निम्मा! चोवीसपैकी चार बिंदू, आणि उताराचं निम्मं बळ त्यांच्याकडे. आणि या चौघींचं अंतर चार वेळा मोजलेलं नाही. ते एकदाच ठरवलेलं आहे, 2.0, आणि चौघींपुढे लिहिलेलं आहे. ते चुकलं तर चारही बिंदू एकदम, एकाच बाजूला, हातात हात घालून सरकतात. रिग्रेशन मात्र त्यांना चार स्वतंत्र साक्षीदार समजतं. हे चार बिंदू काढून टाकले तर उतार 531 होतो आणि प्रमाण त्रुटी 75 वरून 118 वर जाते. इंटरव्हल होतो 283 ते 780.

हबल यांना याची जाणीव होती, हे नोंदवायला हवं. त्यांनी 24 बिंदूंखेरीज दुसराही हिशेब केला : जवळजवळच्या दीर्घिका एकत्र करून नऊ गट केले आणि पुन्हा उत्तर काढलं. ते आलं 513, अधिक-उणे 60. दोन रीतींनी काढलेली उत्तरं शेजारी-शेजारी छापणं ही प्रामाणिकपणाची खूण आहे, आणि आजही किती शोधनिबंधांत ती दिसत नाही. शिवाय, हा सरळ रेषेचा संबंध मर्यादित अंतरापुरता, पहिला अंदाज म्हणून घ्यावा, असंही त्यांनी शेवटी बजावलं आहे. एवढंच काय, विश्व प्रसरण पावतं आहे असा दावाही त्या सहा पानांत त्यांनी ठोकलेला नाही.

मग आमची तक्रार काय? तक्रार ही, की निबंधाच्या शब्दांत जेवढी सावधगिरी आहे, तेवढी आकड्यात नाही. मजकूर सांगतो, अंतरं कच्ची आहेत. ‘अधिक-उणे 50’ सांगतो, उतार दहा-अकरा टक्क्यांपर्यंत पक्का आहे. आणि निबंधाचं आयुष्य पुढे कसं जातं? मजकूर मागे राहतो, आकडा प्रवासाला निघतो. ‘सुमारे 500’ हा आकडा पुढची वीसेक वर्षं जगभर फिरला.

त्याची किंमत काय पडली ते पाहा. उतार उलटा केला, म्हणजे एक भागिले उतार, की विश्वाच्या वयाचा ढोबळ अंदाज मिळतो. 500 घेतलं तर सुमारे 200 कोटी वर्षं. आणि साध्या, फक्त द्रव्याने भरलेल्या विश्वाच्या प्रतिकृतीत त्याचेही दोन तृतीयांश, म्हणजे 130 कोटी. इकडे 1940 च्या दशकात आर्थर होम्स खडकांतल्या किरणोत्सारी मूलद्रव्यांवरून पृथ्वीचं वय सुमारे 300 कोटी वर्षं सांगत होते. पुढे 1956 साली क्लेअर पॅटरसन यांनी ते 455 कोटी ठरवलं. म्हणजे लेक आईपेक्षा मोठी! आमच्या इंटरव्हलचं खालचं टोक 298 घेतलं तरी ढोबळ वय 328 कोटींच्या पुढे जात नाही; दोन तृतीयांशाचा हिशेब लावला तर त्याहून खूप कमी.

या अडचणीतून वाट काढण्याचा एक मोठा प्रयत्न 1948 साली झाला : फ्रेड हॉयल, हर्मन बाँडी आणि टॉमस गोल्ड यांचा स्थिर स्थिती सिद्धांत. विश्वाला आरंभच नाही, म्हणून वयाचा प्रश्नच नाही. या सिद्धांतामागे इतरही कारणं होती, पण वयाची अडचण हे त्यातलं एक ठळक कारण होतं. मराठी श्रोत्यांना हॉयल हे नाव अनोळखी नाही, कारण आपले जयंत नारळीकर केंब्रिजमध्ये त्यांचे विद्यार्थी आणि नंतर सहकारी झाले. नारळीकरांच्या मराठी लेखनातून स्थिर स्थिती आणि महास्फोट यांचा वाद आपल्या घराघरांत पोचला. त्या वादाच्या मुळाशी जे अनेक धागे आहेत, त्यांतला एक धागा या चोवीस बिंदूंच्या उतारापर्यंत जातो, हे किती जणांच्या लक्षात असतं?

आकडा दुरुस्त झाला तो बिंदू वाढवून नाही. हे महत्त्वाचं आहे. आणखी हजार दीर्घिका त्याच पट्टीने मोजल्या असत्या, तर प्रमाण त्रुटी लहान-लहान होत गेली असती आणि आपण चुकीच्या आकड्याभोवती आणखी घट्ट बसलो असतो. दुरुस्ती झाली ती पट्टी तपासून. 1952 साली वॉल्टर बाडे यांनी दाखवलं, की सेफिड दोन प्रकारचे असतात आणि आपण एकाची मोजणी दुसऱ्याला लावत होतो. एका फटक्यात अंतरं दुप्पट झाली, उतार निम्मा. मग 1958 साली ॲलन सँडेज यांनी दाखवलं, की हबल यांनी ज्यांना ‘सर्वांत तेजस्वी तारे’ समजलं, त्यांतले काही तारे नव्हतेच. ते चमकणारे वायूचे ढग होते. सँडेज यांचा आकडा आला 75. आणि अनिश्चितता किती सांगितली? निम्म्यापासून दुपटीपर्यंत. हबल यांचा इंटरव्हल अरुंद होता आणि खरं उत्तर बाहेर. सँडेज यांचा ऐसपैस, आणि खरं उत्तर आत. कारण सँडेज यांनी बिंदूंच्या विखुरण्याबरोबर पट्टीवरचा अविश्वासही आपल्या आकड्यात धरला.

आता हबल यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर आमची टीका एकांगी होईल. चाचणी दोन प्रश्नांना उत्तर देते आणि आपण ते एकत्र करतो. पहिला प्रश्न : अंतर आणि वेग यांचा संबंध आहे का? दुसरा : तो संबंध किती? टी 6.04 हे पहिल्याचं उत्तर आहे, आणि ते पट्टी बदलली तरी बदलत नाही. म्हणून हबल यांचा मूळ निष्कर्ष, लांबची दीर्घिका जास्त वेगाने दूर जाते, टिकला. दुसरं उत्तर कोसळलं.

शिवाय रेषेच्या टोकापलीकडेही एक परीक्षा झाली. त्याच 1929 साली मिल्टन ह्युमसन यांनी एनजीसी 7619 या दीर्घिकेचा वेग मोजला : सेकंदाला 3779 किलोमीटर. तिचं अंतर, हबल यांच्याच पट्टीने, 7 दशलक्ष पार्सेकच्या घरात. आपली रेषा 2 पर्यंतच्या बिंदूंवरून काढलेली आहे. ती 7 पर्यंत ताणली तर वेग येतो 3138. पण एका नव्या दीर्घिकेचा अंदाज करायचा असेल तर त्याचा इंटरव्हल वेगळा आणि फार रुंद असतो; तो येतो 2070 ते 4210. 3779 त्यात बसतो. एवढं ताणूनही रेषा टिकली, ही मोठी गोष्ट. मात्र लक्षात घ्या : इथे भाकीत त्याच पट्टीच्या आत आहे. चुकीच्या पट्टीने मोजलेल्या अंतरावरून वेग सांगायचा, तर चुकीचा उतारही बरोबर भाकीत करतो. भाकीत जमलं म्हणून उताराचा अर्थ बरोबर ठरत नाही.

व्याख्यानानंतर दोन प्रश्न आले, तेही या शब्दांकनात घेतो.

एका काकांनी विचारलं, ‘कन्या समूहातल्या चौघी एकाच अंतरावर, मग एकीचा वेग 500 आणि दुसरीचा 1090 कसा? इंटरव्हल तर तुम्ही अरुंद दाखवलात.’ प्रश्न फार चांगला आहे. अंतर 2.0 ला रेषेवरचा वेग येतो 867. इथे दोन इंटरव्हल निघतात. एक सरासरीचा : त्या अंतरावरच्या दीर्घिकांचा सरासरी वेग, 671 ते 1064. दुसरा एकेकीचा : त्या अंतरावरच्या एखाद्या दीर्घिकेचा वेग, 346 ते 1389. 500 आणि 1090 दोन्ही पहिल्याच्या बाहेर आणि दुसऱ्याच्या आत आहेत. यात विरोध काही नाही. घरातल्या माणसांच्या सरासरी उंचीवरून धाकट्याची उंची सांगता येत नाही, तसंच. वर्तमानपत्रात पहिला इंटरव्हल छापतात आणि आपण दुसरा समजून वाचतो, ही नेहमीची गफलत.

एका ताईंनी विचारलं, त्या स्वतः संख्याशास्त्र शिकवतात : ‘मग मुलांना अधिक-उणे शिकवायचंच नाही का? सगळंच जर बाहेरच्या पट्टीवर अवलंबून असेल, तर हा खटाटोप कशाला?’

ताई, शिकवायचं, आणि नीट शिकवायचं. त्या इंटरव्हलशिवाय 454 आणि 531 यांतला फरक खरा की योगायोग, हे आपल्याला कळलंच नसतं. आमचं म्हणणं एवढंच, की उत्तरपत्रिकेतलं ते शेवटचं वाक्य बदलूया. ‘खरा उतार 298 ते 610 यांत असण्याची शक्यता 95 टक्के’ याऐवजी मुलांना लिहू द्या : ‘अंतरं बरोबर मोजली असतील, दीर्घिका एकमेकींपासून स्वतंत्र असतील आणि संबंध सरळ असेल, तर या पद्धतीने काढलेल्या इंटरव्हलांपैकी 95 टक्क्यांत खरा उतार सापडेल, आमचा इंटरव्हल 298 ते 610.’ वाक्य लांबलं, मान्य. पण त्यातले तीन ‘असतील’ मुलांच्या हाताने लिहिले जातील. आणि एकदा लिहिले, की कधीतरी कुणीतरी विचारेल, ‘सर, पण अंतरं बरोबर मोजलीयत का?’

हा प्रश्न आजही संपलेला नाही. प्लँक उपग्रहाच्या 2018 च्या निष्कर्षांनुसार हा उतार 67.4, अधिक-उणे 0.5. सेफिड आणि अतिनवताऱ्यांवरून 2022 साली काढलेला 73.04, अधिक-उणे 1.04. दोन्ही गटांनी फार काळजीपूर्वक काम केलं आहे आणि दोन्ही आकडे एकमेकांच्या त्रुटीत बसत नाहीत. फरक एकत्रित त्रुटीच्या जवळजवळ पाच पट आहे. निसर्गात काही नवं आहे, की कुठल्यातरी पट्टीत अजून खोट आहे, यावर वाद चालू आहे. 465, अधिक-उणे 50 चा इतिहास ठाऊक असलेला माणूस हा वाद जरा वेगळ्या कानांनी ऐकतो.

जाताना थोडा गृहपाठ देतो. हबल यांचा तक्ता सहज मिळतो. चोवीस ओळींचा आहे. कागदावर किंवा एक्सेलमध्ये उतार आणि त्याचा इंटरव्हल काढा. मग फक्त कन्या समूहाचं अंतर 2.0 ऐवजी 3.0 करा, चारही ओळींत, आणि पुन्हा काढा. उतार किती हलला आणि इंटरव्हल किती हलला, दोन्ही लिहून ठेवा. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात करू.